सोलापुरात बसून खोल समुद्रातल्या प्रवाळांची पाहणी: पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या नोंदीपर्यंत

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचावर आहे. नॉर्वेच्या रोस्ट बेटांजवळ २००२ साली सापडलेली प्रवाळभित्ती समुद्राच्या पृष्ठभागाखाली ३०० ते ४०० मीटरवर आहे. आपण समुद्राच्या जितके वर राहतो, जवळजवळ तितकीच ती खाली. लांबी ३५ ते ४० किलोमीटर, पाणी थंडगार आणि उजेड नाही. तरी तिथे प्रवाळ वाढतात, माशांची पिल्लं वाढतात, शेकडो जीवांचा संसार चालतो.

प्राणिशास्त्राच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, आपल्या गावाला समुद्रच नाही, आपण यात काय करणार?" हा लेख म्हणजे त्याचं सविस्तर उत्तर. जहाजावर जाणारी माणसं थोडी असतात. कॅमेऱ्याने आणलेल्या एका तासाच्या चित्रफितीची नीट नोंद करायला मात्र कित्येक तास लागतात आणि ते काम पडद्यासमोर बसूनच होतं. त्याला सवयीचा डोळा लागतो, चिकाटी लागते आणि वही प्रामाणिक लागते. हे तिन्ही सोलापुरात तयार होऊ शकतं. मी विद्यार्थ्यांकडून ज्या क्रमाने हे करून घेते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी दोन प्रकार वेगळे करून घ्या, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर ठरते. साधारण ३० ते १५० मीटरच्या पट्ट्यातले प्रवाळ अंधूक उजेडावर जगतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असतं, ते उरलेल्या निळ्या उजेडावर अन्न बनवतं. फ्रेंच पॉलिनेशियात लेप्टोसेरिस नावाचं असं प्रवाळ १७२ मीटरवर सापडलं आहे. दुसरा प्रकार थंड पाण्यातल्या प्रवाळांचा. यांच्यात शैवाल नसतं, उजेडाशी त्यांचा संबंध नाही. वरून झिरपत येणारे अन्नाचे कण आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडून ते जगतात. रोस्टची भित्ती या दुसऱ्या प्रकारातली. पहिल्या प्रकारासाठी उजेड मोजावा लागतो, दुसऱ्यासाठी प्रवाह. दोन्हीला एकच तक्ता वापरला की पाहणी पहिल्याच दिवशी फसते.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"खोल प्रवाळांचा अभ्यास" हा प्रश्न होत नाही. "उतारावर ४० मीटरला दिसणाऱ्या प्रवाळांपैकी कोणते ८० मीटरलाही दिसतात?" हा प्रश्न झाला. त्यात खोली आहे, तुलना आहे, आणि उत्तर "कोणतेच नाहीत" असं आलं तरी ते उत्तरच असतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर अंग्रिया बँक घ्या. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे पठार कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा माथा पृष्ठभागाखाली साधारण २० मीटरवर आहे, म्हणजे वरच्या भागात पाणबुडे उतरू शकतात. पण माथ्यावरच्या प्रवाळांचं खालच्या उतारावरच्या जीवांशी काय नातं आहे? मालवणच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळांशी काही देवघेव आहे का? आणि दक्षिणेला दूर लक्षद्वीपशी? माझ्या मते महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने आयुष्य घालवावं असे हे प्रश्न आहेत.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली आणखी एक ओळ लिहा: "याचं उत्तर मिळायला मला काय काय मोजावं लागेल?" त्या यादीत नसलेली गोष्ट मोजायची नाही आणि यादीतली सोडायची नाही.

दुसरी पायरी: नकाशा

समुद्रतळाचा जागतिक नकाशा जेबको या प्रकल्पाने सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. तो उतरवून क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तळाचा उतार काढा, उंचवटे शोधा, खोलीच्या समरेषा आखा. साध्या लॅपटॉपवर एका दुपारीत हे होतं.

मर्यादाही समजून घ्या. जेबकोच्या नकाशातला एक चौकोन साधारण ४५० मीटरचा असतो. सिद्धेश्वर मंदिर, भोवतीचा तलाव आणि शेजारचा रस्ता मिळून एकच ठिपका, असं समजा. प्रवाळांचे ढिगारे त्याहून कितीतरी लहान असू शकतात. म्हणून जहाजावरून मल्टीबीम सोनार वापरतात. जहाजाच्या पोटातून पंख्यासारखे शेकडो ध्वनिकिरण खाली जातात, त्यांचे प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून खोली कळते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून तळ कडक आहे की मऊ याचा अंदाज येतो. प्रवाळाला बूड टेकायला कडक जागा लागते, त्यामुळे ही दुसरी माहिती पहिलीइतकीच मोलाची.

नकाशाने काय साधतं याचं अलीकडचं उदाहरण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरच्या ब्लेक पठाराचं. ३१ सोनार मोहिमा आणि २३ पाणबुडी फेऱ्यांची माहिती एकत्र करून २०२४ साली तिथल्या थंड पाण्यातल्या प्रवाळांचा नकाशा प्रसिद्ध झाला. क्षेत्र साधारण २६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पावणेदोन पट. यातली बरीच माहिती वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या जहाजांनी गोळा केली होती. कोणीतरी बसून ती एकत्र विणली, तेव्हा एवढा मोठा पट दिसला.

नकाशा हातात आला की पाहणीचे पट्टे ठरवायचे, म्हणजे कॅमेरा तळावरून ज्या ठरावीक रेषांनी न्यायचा त्या. इथे नवखा माणूस सगळे पट्टे उंचवट्यांवरच टाकतो, कारण तिथे प्रवाळ मिळण्याची खात्री वाटते. तसं करू नका. खोलीचे थर पाडा, समजा ४० ते ६०, ६० ते ८०, ८० ते १०० मीटर. प्रत्येक थरात उंचवटा, उतार आणि सपाट तळ अशा तिन्ही ठिकाणी पट्टे घ्या आणि त्यांची सुरुवात चिठ्ठ्या टाकून ठरवा. सपाट, रिकाम्या तळावरचा पट्टा वाया जात नाही. दोन वस्त्यांच्या मधली मोकळी जागा मोजल्याशिवाय त्यांचं नातं सांगता येत नाही.

तिसरी पायरी: पाणी ओळखा

खोल पाण्यात तापमान, क्षारता, प्राणवायू आणि खोली एकत्र मोजणारं उपकरण दोरावर सोडतात, त्याला सीटीडी म्हणतात. अरबी समुद्रात हे मोजणं टाळताच येत नाही. इथे साधारण १५०-२०० मीटरपासून १००० मीटरच्या आसपासपर्यंत प्राणवायू फार कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. नकाशावर जागा कितीही छान दिसो, तिथला प्राणवायू बघितल्याशिवाय प्रवाळांची अपेक्षा धरू नये. अटलांटिकमधले आकडे उचलून इकडे लावू नयेत, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते.

उजेडाचा भाग मात्र सोलापुरातच शिकता येतो आणि तो हात भिजवूनच शिकावा. जुनं स्टीलचं ताट घ्या, २० सेंटीमीटर व्यासाचं असेल तर उत्तम. त्याचे चार भाग करून आलटून पालटून काळा आणि पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडा, खाली किलोभर वजन बांधा, वरून दोरी. झाली सेकी तबकडी, पाणी किती पारदर्शक आहे ते मोजणारी. होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान ती हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा, वर ओढताना पुन्हा दिसली ती लिहा, दोन्हींची सरासरी काढा.

ही सरासरी २.७ ने गुणली की वरच्या उजेडापैकी सुमारे एक टक्का उजेड कुठवर पोचतो त्याचा ढोबळ अंदाज मिळतो. समजा तलावात तबकडी ८० सेंटीमीटरवर गेली, तर हिशोब सव्वादोन मीटरच्या आत संपतो. उघड्या समुद्रात ती ३० मीटरवर गेली तर तोच हिशोब ८० मीटरच्या आसपास जातो. अंधूक उजेडातले प्रवाळ त्याच्याही खाली, एक टक्क्याहून कमी उजेडात जगतात. हा आकडा पुस्तकात वाचणं वेगळं आणि ताट डोळ्यांदेखत हिरव्या पाण्यात विरघळताना बघून मग तो समजणं वेगळं.

एक सूचना अनुभवातून. पहिल्या वेळी आम्ही घरातली सुती दोरी वापरली आणि तिच्यावर मीटरच्या खुणा केल्या. सुती दोरी भिजली की आखडते. संध्याकाळी मोजपट्टी लावली तेव्हा खुणा सरकलेल्या, दिवसभराचे आकडे बाद. तेव्हापासून प्लॅस्टिकची दोरी, खुणांना शाईऐवजी केबल टाय आणि काम संपल्यावर ओल्या दोरीची पुन्हा मोजणी.

चौथी पायरी: कॅमेरा खाली सोडणं

खोल समुद्रात हे काम केबलने जोडलेली, जहाजावरून चालवली जाणारी मानवरहित पाणबुडी करते. तिला सगळे आरओव्ही म्हणतात. तिच्या कामाचे काही नियम पाठ असावेत. फेरी खोल टोकाकडून सुरू करून उताराने वर चढत जायची, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उतार राहतो. वेग अर्ध्या नॉटच्या, म्हणजे सेकंदाला साधारण पाव मीटरच्या आत. तळापासून उंची शक्यतो एक मीटरच्या आसपास आणि सारखी. वाटेत सुंदर काही दिसलं म्हणून थांबलात तर ती वेळ पट्ट्याच्या मोजणीतून वेगळी काढायची.

आकार मोजायला कॅमेऱ्याशेजारी १० सेंटीमीटर अंतरावर दोन समांतर लेझर असतात. चित्रात त्यांचे दोन ठिपके दिसतात. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आणि ठिपक्यांमधलं अंतर १६० पिक्सेल असेल, तर रुंदी झाली १२० सेंटीमीटर. अशा १०० मीटरच्या पट्ट्यात १२० चौरस मीटर तळ पाहून झाला. हा हिशोब लेझर ज्या पातळीवर पडतात तिथेच खरा, मागच्या दूरच्या फांदीला तो लावायचा नाही.

याची तालीम सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात होते. जलसंपदा विभागाची परवानगी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि पाणी ओळखणारा नावाडी, या तीन गोष्टी असल्याशिवाय निघायचं नाही. पीव्हीसी पाइपची चौकोनी चौकट करा, वजनासाठी पाइपमध्ये वाळू भरा, वरच्या आडव्या पाइपला जलरोधक पेटीत अॅक्शन कॅमेरा खाली तोंड करून बांधा, दोन्ही बाजूंना टॉर्च तिरपे लावा. टॉर्च कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी ठेवलात तर पाण्यातला गाळच चमकतो आणि चित्रभर धुकं दिसतं. लेझर पॉइंटर बसवलेत तर भिंतीवर एक, दोन आणि तीन मीटरवरून तपासा. आमचे दोन लेझर समांतर नव्हते, जवळून १० आणि लांबून १३ सेंटीमीटर दाखवत होते. ते कळेपर्यंत आम्ही सगळी मापं चुकीची लिहून बसलो होतो.

घड्याळ जुळवा. जीपीएसचा पडदा कॅमेऱ्यात टिपूनच काम सुरू करा आणि सगळ्या नोंदी जागतिक वेळेत ठेवा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. एकाने एक लिहिली, दुसऱ्याने दुसरी, तर चित्र आणि खोली कधीच जुळत नाहीत. ०.३ नॉट वेगाने चाललेली पाणबुडी एका मिनिटात नऊ मीटर जाते. घड्याळातली मिनिटाची चूक म्हणजे जागेतली नऊ मीटरची चूक.

पहिल्या दिवशी आम्ही चौकट सोडत होतो तेव्हा नावाडी मामा म्हणाले, "मॅडम, खाली काय बघायचंय? चिखलच हाय की."

"तो चिखलच लिहायचाय, मामा," मी म्हणाले. "कुठं आहे, किती खोल आहे, कुठं संपतो."

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच बोट दाखवून सांगितलं, की त्या अंगाला खडक लागतो, जाळं तिथं अडकतं, मासाही तिथंच मिळतो. आम्ही चौकट तिकडे टाकली. गढूळ चित्रात खडकाची कड आली, कडेला शिंपले आणि दोन लहान मासे. कडक तळ, त्याला धरून राहणारे जीव आणि त्यांच्या आसऱ्याला आलेले मासे: खोल प्रवाळांचं सगळं शास्त्र त्या एका चित्रात होतं, आणि ते सांगणारा माणूस होडीतच बसला होता. समुद्रावर गेलात तर कोळी बांधवांना हाच प्रश्न आधी विचारा, जाळं कुठे अडकतं?

पाचवी पायरी: पडद्यासमोरची नोंद

आता खरं काम. खोल समुद्राच्या चित्रफिती अमेरिकेची नोआ ही संस्था तिच्या ओकिआनोस एक्सप्लोरर जहाजावरून, तशीच श्मिट ओशन इन्स्टिट्यूट सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. काही फेऱ्या थेट दाखवतात. अमेरिकेत सकाळी सुरू झालेली फेरी आपल्याला संध्याकाळी जेवणाच्या वेळी दिसते. जुन्या फेऱ्याही मिळतात. सरावासाठी जुनीच घ्या, म्हणजे थांबवून, मागे नेऊन बघता येते.

पहिल्या पाहणीत नावं लिहू नका, फक्त तळ लिहा: खडक, वाळू, चिखल, मेलेल्या प्रवाळांचा चुरा, उभं मेलेलं प्रवाळ, जिवंत प्रवाळ. मेलेलं आणि जिवंत वेगळं लिहिणं फार महत्त्वाचं, कारण मेलेल्या सांगाड्यावरही कितीतरी जीव राहतात. दुसऱ्या पाहणीत आकारावरून गट लिहा: फांद्यांचं कठीण प्रवाळ, समुद्रपंखा, काळं प्रवाळ, स्पंज. चित्रावरून जातीपर्यंत पोचायचा मोह आवरा. "समुद्रपंखा, नारिंगी, एका पातळीत पसरलेला, क्रमांक ३" ही नोंद खरी आहे. अंदाजाने ठोकलेलं लॅटिन नाव खोटी नोंद आहे, आणि ते पुढे दहा जणांच्या कामात जातं.

तळाचा किती भाग प्रवाळांनी व्यापलाय हे काढायला चित्रावर बिंदू टाकतात आणि प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते लिहितात. कोरलनेट, बीगल, स्क्विडल प्लस ही साधनं यासाठीच आहेत. पण बिंदू किती आणि कसे टाकायचे, हे मी सोलापुरी चादरीवर शिकवते.

घरातली मोराच्या नक्षीची जॅकार्ड चादर अंगणात अंथरा. बरोबर वरून, शिडीवर उभं राहून, मोबाइलने फोटो घ्या. आता प्रश्न असा: चादरीत लाल रंग किती टक्के? आधी डोळ्यांनी अंदाज करा आणि कागदावर लिहून ठेवा. मग फोटोवर २५ बिंदू टाकून मोजा, मग १०० टाकून. शेवटी इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरने लाल पिक्सेल मोजून खरं उत्तर काढा. समुद्रात खरं उत्तर कधीच हातात नसतं, चादरीत ते असतं, म्हणून आपली पद्धत किती चुकते ते इथेच कळतं. लाल रंग खरोखर २० टक्के असेल, तर २५ बिंदूंवर उत्तर ४ ते ३६ यांमध्ये कुठेही येऊ शकतं. १०० बिंदूंवर ते बहुतेक वेळा १२ ते २८ मध्ये राहतं. एका चित्राच्या आकड्यावर विसंबू नये आणि अनेक चित्रांची सरासरी घ्यावी, हे सांगावं लागत नाही, समोर दिसतं.

याहून मोठा धडा दुसरा आहे. एका गटाला बिंदू सरळ रांगांत, सारख्या अंतरावर टाकायला सांगा. चादरीची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते. रांगांचं अंतर नक्षीच्या अंतराशी जुळलं की प्रत्येक बिंदू मोराच्या एकाच भागावर पडतो आणि लाल रंग एकदम दुप्पट किंवा शून्य येतो. यंत्रमागावर वाढलेली मुलं हे पटकन ओळखतात, त्यांच्या घरात नक्षीचा हिशोब रोज चालतो. समुद्रतळावरही वाळूच्या लाटा, खडकांच्या कडा आणि प्रवाळांच्या ओळी अशाच पुन्हा पुन्हा येतात. म्हणून चित्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात बिंदू चिठ्ठीने टाकायचा. सगळीकडे पोचतो आणि नक्षीत अडकत नाही.

प्रत्येक दहाव्या चित्राची नोंद दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याची वही न दाखवता करून घ्या. जिथे दोघांचं जमत नाही ते गट एकत्र करा किंवा व्याख्या नीट लिहा. आणि रिकाम्या चित्राचीही ओळ वहीत असली पाहिजे: वेळ, खोली, तळ चिखल, प्रवाळ नाही. ही ओळ गाळणारा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्याची वही मी परत करते.

सहावी पायरी: नाती शोधणं

यादी झाली, टक्के झाले. इथे बरेच जण थांबतात, आणि मला याचंच वाईट वाटतं. कोण कुठे आहे यापेक्षा कोण कोणामुळे आहे, हे शोधायला आपण निघालो होतो.

सगळ्यात सोपी नाती एकाच चित्रात असतात. समुद्रपंख्यावर गुंडाळलेला नाजूक तारामासा, प्रवाळाच्या फांद्यांत बसलेला खेकडा, स्पंजाच्या आडोशाला मासा. प्रत्येक जीवापुढे "कशावर बसला आहे" असा रकाना ठेवा. याच रकान्यातून मोठ्या गोष्टी कळतात. स्कॉटलंडजवळच्या मिंगुले प्रवाळभित्तीत एका जातीचे शार्क मासे जिवंत प्रवाळांच्या फांद्यांत अंडी ठेवतात, हे असंच लक्षात आलं. उत्तर अटलांटिकमध्ये युनिसे नावाचा एक किडा प्रवाळाच्या फांद्यांमध्ये नळी करून राहतो. प्रवाळ त्या नळीवर स्वतःचं चुनखडी कवच चढवतं, त्यामुळे फांद्या एकमेकींना जोडल्या जातात आणि सगळी वस्ती भक्कम होते.

दुसरं नातं उभं, पृष्ठभाग आणि तळ यांच्यातलं. वरच्या उजेडात वाढलेलं अन्न कणाकणाने खाली येतं. सूक्ष्म प्राणी रात्री वर चरायला जातात, दिवसा अंधारात उतरतात आणि उतरताना तळावरच्या प्रवाळांच्या तावडीत सापडतात. मिंगुलेत भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी पृष्ठभागाचं पाणी थेट भित्तीपर्यंत ओढलं जातं, हेही मोजून दाखवलं गेलं आहे. म्हणून एकाच जागी दिवसा आणि रात्री, भरतीला आणि ओहोटीला अशी पाहणी करायला हवी. एकदाच काढलेल्या चित्रात हे नातं येत नाही.

उथळ आणि अंधूक पट्ट्यातल्या नात्याबद्दल जपून बोला. पृष्ठभागाचं पाणी तापलं, वरचे प्रवाळ पेशींतलं शैवाल गमावून पांढरे पडले, तरी खालचे वाचतील आणि वरची वस्ती पुन्हा उभी करतील, अशी आशा बरीच वर्षं मांडली जाते. काही जातींत ती खरी ठरू शकते. पण सेरिॲटोपोरा हिस्ट्रिक्स या प्रवाळाच्या जनुकांचा अभ्यास केला तेव्हा एकाच भित्तीवरच्या उथळ आणि खोल वस्त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या निघाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानेही दाखवलं, की अंधूक पट्ट्यातले जीवसमूह बरेचसे स्वतंत्र आहेत आणि त्यांनाही धोका आहे. "खाली बॅकअप आहे" असं म्हणून वरचं सोडून देणं मला तरी फार धोक्याचं वाटतं. तुमच्या तक्त्यात ४० आणि ८० मीटरवर एकच नाव आलं, तरी तेवढ्यावरून देवघेव सिद्ध होत नाही. त्यासाठी जनुकं तपासावी लागतात.

तिसरं नातं आडवं, एका भित्तीचं दुसरीशी. प्रवाळाची डिंभ अवस्था, म्हणजे पोहणारी सूक्ष्म पिल्लं, प्रवाहाबरोबर वाहत जातात. थंड पाण्यातल्या काही प्रवाळांची पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात राहू शकतात. सेकंदाला १० सेंटीमीटर प्रवाहात ३० दिवस वाहिलं, तर अंतर साधारण २६० किलोमीटर होतं. म्हणजे सोलापूर ते पुणे. पण हा फक्त वरचा टोकाचा आकडा. प्रवाह वळतो, मागे फिरतो, पिल्लं वर-खाली होतात, बहुतेक मरतात, आणि उतरायला कडक तळ मिळाला नाही तर प्रवास फुकट जातो. ओपनड्रिफ्टसारखी मोफत साधनं प्रवाहांच्या खुल्या माहितीवर हजारो काल्पनिक पिल्लं सोडून ती कुठे पोचतात ते दाखवतात. तो नकाशा तुमच्या तळाच्या नोंदींवर ठेवा. आता हिप्परग्यातल्या चिखलाच्या ओळीचा उपयोग कळेल: पिल्लं पोचली पण खाली चिखल होता, म्हणून वस्ती झाली नाही, असं म्हणायला तीच ओळ लागते.

आकडेमोडीसाठी आर ही संगणकाची भाषा आणि तिचं व्हेगन हे पॅकेज पुरेसं आहे. दोन पट्ट्यांतले जीव किती सारखे हे ब्रे-कर्टिस फरकावरून (० म्हणजे अगदी सारखे, १ म्हणजे काहीच सामाईक नाही) काढा आणि तो खोली, तापमान, तळाचा प्रकार यांच्याशी जुळवून बघा.

सातवी पायरी: कायदा, नावं आणि नोंदी खुल्या करणं

भारतात कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मेलेला तुकडासुद्धा परवानगीशिवाय उचलायचा नाही, घरी ठेवायचा नाही. नमुन्यांवर किंवा जनुकांवर काम करायचं असेल तर गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा कोचीतलं सागरी जीवसंपदा केंद्र अशा ठिकाणच्या शास्त्रज्ञांबरोबर, त्यांच्या परवान्याखालीच करा. त्यांना पत्र लिहिताना नुसती आवड कळवू नका. चाळीस तासांच्या नोंदी केलेली वही सोबत जोडा.

जीवांची नावं वर्म्स या जागतिक सूचीत तपासा. खोल समुद्रातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रवाळ आधी लोफेलिया पर्टुसा होतं, आता ते डेस्मोफायलम पर्टुसम आहे. जुन्या नोंदी शोधताना दोन्ही नावं लागतील, म्हणून मूळ नोंदीतलं नाव आणि आजचं नाव असे दोन रकाने ठेवा.

नोंदी शेवटी ओबिस या समुद्री जीवांच्या खुल्या भांडारात गेल्या पाहिजेत. स्कॉटलंडच्या वायव्येला साधारण १००० मीटरवरचे डार्विन माउंड्स १९९८ साली सापडले, तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी झालेली नासधूस चित्रांत दिसली, आणि २००३ साली तिथे ती मासेमारी बंद झाली. पाच वर्षांत हे झालं, कारण चित्रं, जागा आणि खोली यांची नोंद कोणालाही तपासता येईल अशी होती.

भांडाराच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला "आढळला" किंवा "आढळला नाही" असा एक रकाना असतो. फाइल पाठवण्याआधी तो रकाना चाळून दुसऱ्या प्रकारच्या ओळी मोजा. एकही नसेल, तर फाइल पाठवू नका. पाचव्या पायरीवर परत जा आणि चित्रफीत पहिल्या मिनिटापासून पुन्हा बघा.